९९ टक्के ॲल्युमिनाचे गोळे: कुठे घ्यावेत, कुठे घेऊ नयेत

भंडारा जिल्ह्यात धानाच्या कणकीपासून इथेनॉल बनवणाऱ्या एका प्लांटमधल्या शिफ्ट इनचार्ज भावाने विचारलं आहे: "पुढच्या महिन्यात मॉलिक्युलर सीव्हच्या, म्हणजे अल्कोहोलमधलं पाणी शोषणाऱ्या दाण्यांच्या, दोन्ही टाक्यांमधला माल बदलायचा आहे. सीव्हच्या खाली-वर टाकायच्या सिरॅमिक गोळ्यांची दोन कोटेशनं आली. एकात १७ ते २३ टक्के ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचं ऑक्साइड), दुसऱ्यात ९९ टक्के आणि भाव कित्येक पट. परचेसवाले म्हणतात, गोळे ते गोळेच, स्वस्त घ्या. सप्लायर म्हणतो, हाय प्युरिटी नाही घेतलं तर सीव्ह लवकर मरेल. माझा मावसभाऊ एका खत कारखान्यात आहे, त्यांच्याकडे ९९ टक्केच टाकतात. साहेबांनी तर वैनगंगेचे गोटे धुऊन टाकले तर काय होईल, असंही विचारलं. खरं काय? आणि आलेला माल खरा आहे की नाही हे इथे तालुक्याच्या गावात बसून कसं ओळखायचं?"

भाऊ, आधी सरळ उत्तर देतो. तुमच्या टाक्यांना १७ ते २३ टक्केवालाच माल घ्या, फक्त चांगल्या बनावटीचा घ्या. तुमच्या मावसभावाच्या कारखान्यातल्या अतिगरम रिफॉर्मरमध्ये मात्र ९९ टक्क्यांशिवाय दुसरा गोळा आत जाऊ देऊ नये. असं का, हे नीट समजलं तर पुढच्या वेळी कोणत्याही सप्लायरसमोर तुम्हाला अडखळावं लागणार नाही. म्हणून जरा लांबण लावतो.

मी वर्धा जिल्ह्यातला. अमोनिया प्लांटमध्ये २९ वर्षं काम केलं, त्यातली बरीच वर्षं शटडाऊनमध्ये कॅटॅलिस्ट (रासायनिक क्रिया वेगाने घडवणारे दाणे) काढणं-भरणं याच कामात गेली. आता गावी शेती करतो. पण गोळ्यांचा विषय निघाला की अजून तितक्याच कळकळीने बोलतो, कारण या पांढऱ्या गोळ्यांकडे दुर्लक्ष झाल्याचा परिणाम मी डोळ्यांनी पाहिला आहे.

गोळ्याचं काम काय, तर स्वतः काहीच न करणं. कॅटॅलिस्ट किंवा सीव्हचे बारीक दाणे थेट जाळीवर टाकले तर जाळीची भोकं बुजतात, दाणे खाली गळतात आणि वायू एकाच बाजूने वाट काढतो. म्हणून जाळीवर आधी मोठे गोळे, त्यावर मध्यम, त्यावर लहान आणि मग दाणे. वरच्या बाजूलाही गोळ्यांचा एक थर असतो. आत येणारा वायू जोरात आदळून दाणे उधळू नयेत, तो सगळीकडे सारखा पसरावा आणि बेड, म्हणजे दाण्यांचा भरलेला थर, जागेवर दाबलेला राहावा, हे त्या थराचं काम. हे सगळं करताना गोळ्याने कोणाशी रासायनिक नातं जोडायचं नाही, फुटायचं नाही, झिजायचं नाही आणि स्वतःतून काही सोडायचंही नाही. या शेवटच्या अटीवरच ९९ टक्क्यांचा सगळा खेळ उभा आहे.

१७ ते २३ टक्क्यांच्या गोळ्यात उरलेलं काय असतं? मुख्यतः सिलिका, म्हणजे वाळूतला मुख्य घटक, साधारण ७० टक्क्यांच्या घरात, आणि थोडं पोटॅश, सोडा, लोह. ही एक प्रकारची चिनी मातीच आहे. साध्या तापमानाला सिलिका अगदी गुणी असते. पण खूप तापमानावर दाबाखालची वाफ तिच्यावरून वाहू लागली, की ती वाफेशी जुळून सिलिसिक आम्लाच्या वायुरूपात हळूहळू उडते. जितकं तापमान जास्त आणि वाफेचा दाब जास्त, तितकं उडणं जास्त. कोरड्या, अतिगरम हायड्रोजनमध्येही सिलिकेचा ऑक्सिजन हिरावला जातो आणि सिलिकॉन मोनॉक्साइड वायू होऊन ती निघून जाते. नंतर वायू जिथे थंड होतो तिथे ती परत घट्ट होऊन बसते. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने हिटरच्या कॉइलवर क्षारांचा थर चढतो ना, तसाच थर. फक्त हा काचेसारखा कडक असतो आणि साध्या आम्लाने धुऊन निघत नाही.

आता तुमच्या मावसभावाचा सेकंडरी रिफॉर्मर, म्हणजे अमोनियासाठी लागणारा वायू बनवणारी दुसऱ्या टप्प्याची भट्टी, डोळ्यांपुढे आणा. प्रायमरी रिफॉर्मरमधून वायू ८०० अंशांच्या आसपास येतो, त्यात तापवलेली हवा सोडतात, वरच्या पोकळीत ज्वाला पेटते आणि तिथलं तापमान १२०० अंशांच्याही वर जातं. निकेल कॅटॅलिस्टच्या थरातून खाली उतरून वायू साधारण ९५० ते १००० अंशांना बाहेर पडतो. दाब ३० बारच्या वर. वायूत वाफ भरपूर, हायड्रोजन भरपूर. आणि बाहेर पडल्या पडल्या तो वेस्ट हीट बॉयलरमध्ये, म्हणजे त्याच्याच उष्णतेवर वाफ बनवणाऱ्या बॉयलरमध्ये, जातो, म्हणजे एकदम थंड होतो. सिलिकेला उडायला जी जागा हवी आणि बसायला जी जागा हवी, त्या दोन्ही इथे शेजारी शेजारी आहेत. बॉयलरमधून सुटलेली सिलिका पुढे हाय टेम्परेचर शिफ्ट या पुढच्या टाकीतल्या कॅटॅलिस्टवर जाऊन बसते, वरचा थर चिकटून कडक होतो आणि प्रेशर ड्रॉप, म्हणजे थरातून जाताना वायूच्या दाबात होणारी घट, चढू लागतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. एका कारखान्यात, नाव घेत नाही, शटडाऊनमध्ये सेकंडरी रिफॉर्मरचा खालचा थर भरताना गोळे कमी पडले. रात्रीची वेळ, स्टार्टअपची घाई. स्टोअरमध्ये 'हाय ॲल्युमिना बॉल' लिहिलेले ड्रम होते, ते उचलले. ते गोळे बॉल मिलमध्ये दळायला वापरायचे होते, ९२ टक्केवाले. पांढरे, जड, गुळगुळीत, हातात घेतले तर कोणीही फसावं असे. मी तेव्हा ज्युनियर होतो. ड्रमवरचा कागद वाचून विचारलंही होतं, "हे ९२ आहेत, चालतील का?" उत्तर मिळालं, "सात टक्क्यांनी काय होतंय." पुढचे कित्येक महिने बॉयलरमधून बाहेर पडणाऱ्या वायूचं तापमान थोडं थोडं चढत गेलं आणि वाफ कमी होत गेली. पुढच्या शटडाऊनला उघडून पाहिलं तर नळ्यांवर पातळ, राखाडी-पांढरा, काचेसारखा थर. हाय प्रेशर पाण्याच्या जेटनेही तो जागचा हलेना. लॅबने सांगितलं, सिलिका. रिफॉर्मरच्या तळातून ते गोळे काढले तेव्हा त्यांचा गुळगुळीतपणा गेला होता, पृष्ठभाग खडबडीत झाला होता, नखाखाली चरचरत होता.

'सात टक्क्यांनी काय होतंय' याचा हिशेब मी त्या रात्री करायला हवा होता, तो आता करून दाखवतो. एका घनमीटरमध्ये असे जड गोळे साधारण २ टन बसतात. त्यात ५ टक्के सिलिका धरली तर १०० किलो सिलिका झाली. ९९ टक्क्यांच्या चांगल्या मालात सिलिका ०.२ टक्क्यांच्या आत असते, म्हणजे ४ किलो. आणि तिथे चुकून १७ ते २३ टक्केवाला गेला असता, तर एका घनमीटरमागे जवळजवळ १ टन सिलिका त्या वाफेच्या तोंडी दिली असती. ॲल्युमिनाचा आकडा ९२ वरून ९९ झाला की डोळ्यांना सात टक्क्यांचाच फरक दिसतो. सिलिकेच्या बाजूने पाहिलं तर फरक २५ पट आहे.

म्हणून भाऊ, टेस्ट सर्टिफिकेट हातात आलं की ॲल्युमिनाच्या ओळीवर बोट ठेवू नका, थेट सिलिकेच्या ओळीवर जा. तिथे एक चलाखीही असते, ती सांगून ठेवतो. काही डेटाशीटवर 'ॲल्युमिना + सिलिका' अशी एकत्र बेरीज छापलेली असते आणि तिच्यापुढे ९० च्या वरचा आकडा. घाईत वाचणाऱ्याला वाटतं हा हाय ॲल्युमिनाच. प्रत्यक्षात तो १७ ते २३ वालाच असतो. लिहिलेलं खोटं नसतं, पण वाचणारा फसतो. मी एकदा एका तरुण परचेस ऑफिसरला असा कागद समोर ठेवून तीनदा वाचायला लावला होता, तिसऱ्या वेळी त्याला अधिकचं चिन्ह दिसलं.

९९ टक्केही अगदी अमर नाही, हेही सांगायला हवं. ज्वालेखालच्या सगळ्यात तापलेल्या पट्ट्यात ॲल्युमिनासुद्धा अगदी थोडं वाफेबरोबर उडतं आणि खाली कॅटॅलिस्टच्या वरच्या थरात स्फटिक होऊन बसतं. धातूच्या भागांतून आलेलं क्रोमियम त्यात मिसळलं की ते गुलाबी-लाल दिसतात. माणिक म्हणजे तरी काय, क्रोमियमचा रंग चढलेलं ॲल्युमिनाच. रिफॉर्मर उघडल्यावर टॉर्चच्या उजेडात ते चमकताना पाहून पहिल्यांदा मला फार नवल वाटलं होतं. पण तो थरही वायूची वाट अडवतो, म्हणून शटडाऊनमध्ये खरवडून काढावाच लागतो.

आता तुमच्या टाक्या. तिथे ९५ टक्क्यांच्या आसपासचा स्पिरिट वाफेच्या रूपात ३ए सीव्हमधून जातो. सीव्हच्या छिद्रांचा आकार ३ अँगस्ट्रॉम. पाण्याचा रेणू आत शिरतो, अल्कोहोलचा मोठा रेणू बाहेरच राहतो, आणि ९९.५ टक्क्यांच्या वरचं इथेनॉल निघतं. तापमान किती? ११० ते १५० अंशांच्या दरम्यान. या तापमानाला सिलिका आपली जागा सोडत नाही. गोळ्यात ती ७० टक्के असो की ०.२, सीव्हला त्याने काहीही फरक पडणार नाही. सप्लायर सांगतो तसा सीव्ह 'हाय प्युरिटी' नसल्याने मरत नाही.

उलट ९९ टक्केवाला घेतला तर एक नवं ओझं येतं, अक्षरशः ओझं. समजा टाकीचा व्यास २ मीटर आहे. १५० मिलिमीटर उंचीचा एक थर म्हणजे ०.४७ घनमीटर. १७ ते २३ टक्क्यांचा माल घनमीटरला १.४ टन धरला तर तो थर ६६० किलोचा. ९९ टक्क्यांचा माल २ टनांच्या वर जातो, म्हणजे तोच थर ९५० किलोच्या पुढे. तीन थर धरा, वरचा चौथा धरा. तुमची सपोर्ट ग्रिड (हा सगळा भार पेलणारी खालची चौकट) डिझाइन करताना हे वजन धरलं होतं का? ड्रॉइंग काढून पाहिल्याशिवाय जड माल टाकू नका. शिवाय शुद्ध ॲल्युमिना तापल्यावर जास्त प्रसरण पावतं, म्हणून अचानक ताप-थंड झाल्यावर तडे जाण्याची भीती त्यालाच जास्त. तुमच्या टाक्यांत दर काही मिनिटांनी दाब चढतो, मग रिजनरेशनसाठी, म्हणजे सीव्हने धरलेलं पाणी काढून टाकण्यासाठी, व्हॅक्यूम लागतो. या हेलकाव्यात चिवट, साधा पोर्सेलीनचा गोळा उत्तम टिकतो. रिफायनरीत हायड्रोजनने तेल शुद्ध करणाऱ्या हायड्रोट्रीटरमध्येसुद्धा, जिथे ३०० ते ४०० अंश आणि हायड्रोजनचा मोठा दाब असतो, तिथे सर्रास हाच साधा गोळा टाकतात.

तुमचा सीव्ह मरतो तो वेगळ्या कारणाने. बेड हलतो, दाणे एकमेकांवर घासतात, पीठ होतं, पीठ जाळीत बसतं, प्रेशर ड्रॉप वाढतो आणि बेड आणखी हलतो. दुसरं कारण म्हणजे ओल्या वाफेचे थेंब सीव्हवर पडणं, त्याने दाणे फुटतात. वाफ आणखी तापवून कोरडी करणाऱ्या सुपरहीटरकडे लक्ष द्या. गोळ्यांवरचे जे पैसे वाचतील ते चांगल्या जाळीवर आणि वरच्या तरंगत्या स्क्रीनवर खर्च करा, हे माझं ठाम मत आहे. वरचे गोळे सीव्हच्या दुप्पट जड असतात. मध्ये स्क्रीन नसली तर दाबाच्या प्रत्येक झटक्याला ते दाण्यांमध्ये बुडत जातात आणि काही महिन्यांत वरचा थर नाहीसाच होतो. मग लोक म्हणतात, गोळे गेले कुठे.

साहेबांच्या वैनगंगेच्या गोट्यांचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, त्याला आधार आहे. जुन्या गंधकाम्लाच्या प्लांटमध्ये व्हॅनेडियम कॅटॅलिस्टखाली क्वार्ट्झचे गोटेच टाकायचे. पण क्वार्ट्झची एक खोड आहे. ५७३ अंशांना त्याच्या स्फटिकाची रचना बदलते आणि आकारमान एकदम वाढतं. तिथल्या कन्व्हर्टरच्या (कॅटॅलिस्टच्या टाकीच्या) पहिल्या बेडखाली ६०० अंशांच्या वर तापमान जातं, त्यामुळे दर स्टार्टअप-शटडाऊनला गोटा ती रेषा ओलांडतो, तडकतो आणि त्याची वाळू होते. तुमच्या १५० अंशांना हे घडणार नाही. पण नदीचा गोटा एकसारखा नसतो, चपटा असतो, त्यात चुनखडीचे आणि ठिसूळ दगडांचे तुकडे मिसळलेले असतात, आणि धुतला तरी माती सोडत राहतो. सीव्हच्या किमतीपुढे गोळ्यांची किंमत फार नसते. तिथे बचत करू नका.

तुमच्याच जिल्ह्याचा आणखी एक दगड या गोष्टीत येतो. भंडाऱ्यात कायनाइट आणि सिलिमनाइट सापडतं. दोन्ही ॲल्युमिना आणि सिलिकेचीच खनिजं, शुद्ध रूपात ६३ टक्के ॲल्युमिना, ३७ टक्के सिलिका. कायनाइट भट्टीत १३०० अंशांच्या वर नेलं की फुगतं, त्याचं म्युलाइट हे दुसरं खनिज होतं आणि थोडी सिलिका सुटी राहते. त्यापासून भट्टीच्या उत्तम विटा बनतात. पण त्याच विटा सेकंडरी रिफॉर्मरच्या अस्तराला आतून लावल्या तर गोळ्यांसारखीच तक्रार सुरू होईल. तिथे अस्तरसुद्धा कमी सिलिकेचंच लागतं. पोलाद वितळवणाऱ्याला जो माल सोन्यासारखा, तो वाफेच्या भट्टीवाल्याला विष, असं या धंद्यात नेहमी असतं.

आता एक गल्लत, जी मी दोनदा पाहिली आहे. 'ॲल्युमिना बॉल' म्हणून मागवलं आणि ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिना आला. तोही पांढरा, गोल, आणि रासायनिक सूत्रही तेच. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांत ज्या गावांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, तिथल्या फिल्टरमध्ये जे पांढरे गोळे असतात ते हेच. पण हा गोळा आतून स्पंजासारखा सच्छिद्र असतो, एका ग्रॅममध्ये २०० चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग. पाणी, फ्लोराइड, जे मिळेल ते धरून ठेवणं हेच त्याचं काम. आधाराच्या गोळ्याचं काम नेमकं उलटं. आधाराचा गोळा १६०० अंशांच्या आसपास भाजून आतली छिद्रं बंद केलेला असतो. ओळखायचं कसं? कोरड्या गोळ्यावर पाण्याचा थेंब टाका. ॲक्टिव्हेटेड असेल तर थेंब क्षणात गडप होतो, बुडबुडे येतात, आणि मूठभर गोळे पाण्यात टाकले तर पाणी कोमट लागतं. आधाराच्या गोळ्यावरून थेंब घरंगळून जातो.

माल खरा की खोटा हे बघायला फार साधनं लागत नाहीत. मी स्वतः पुढच्या गोष्टी करत आलो आहे.

प्रत्येक लॉटमधल्या वेगवेगळ्या पोत्यांतून मिळून ५०० ग्रॅम गोळे घ्या. वरच्याच पोत्यातले घेऊ नका. १ लिटरच्या मेजरिंग सिलिंडरमध्ये ५०० मिली पाणी घेऊन त्यात ते सोडा. सिलिंडर तिरपा धरून एक एक सोडा, नाहीतर काच फुटेल. पाणी २१० ते २२० मिली चढलं तर माल १७ ते २३ टक्क्यांच्या जातीचा. १४० च्या आसपासच चढलं तर हाय ॲल्युमिना. मधे कुठेतरी आलं तर मधल्या टक्केवारीचा किंवा मिसळलेला. पण लक्षात घ्या, या परीक्षेत ९२ आणि ९९ वेगळे दिसत नाहीत. दोघांची घनता जवळजवळ सारखी. त्या रात्री आम्ही हीच परीक्षा केली असती तरी फसलोच असतो. ९९ ची खात्री करायची तर सिलिकेचं रासायनिक विश्लेषणच हवं, ते एक्सआरएफवर, म्हणजे क्ष-किरणांनी घटक मोजणाऱ्या यंत्रावर, होतं. नागपूरला वाडीला जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन केंद्र १९८९ पासून आहे, बॉक्साइट आणि ॲल्युमिना हाच त्यांचा विषय. नाहीतर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेची कोणतीही लॅब चालेल. नमुना सप्लायरच्या हातून पाठवू नका, स्वतः सील करून पाठवा.

दुसरी परीक्षा पाणी पिण्याची. लॅबच्या ओव्हनमध्ये ११० अंशांना गोळे सुकवा, वजन करा, दोन-तीन तास पाण्यात उकळा, फडक्याने वरचं पाणी पुसून परत वजन करा. ५०० ग्रॅमला अडीच ग्रॅमपेक्षा जास्त वाढलं तर भाजणी कच्ची आहे. असा गोळा पावसाळ्यात गोदामात ओल धरतो आणि स्टार्टअपला भराभर तापवला की आतलं पाणी वाफ होऊन त्याला फोडतं. सोबत पाच-सहा गोळे हातोडीने फोडून आतल्या भागावर लाल शाईचा थेंब ठेवा. शाई पुसली गेली तर घट्ट, पसरून आत मुरली तर कच्चा. भेगा असतील तर शाई त्या रेषा स्पष्ट दाखवते.

तुमच्या कामासाठी एक तिसरीही करा. २० गोळे ओव्हनमध्ये २०० अंशांना तासभर ठेवून लगेच साध्या पाण्यात टाका. बाहेर काढून शाई लावा आणि मोजा किती तडकले. चांगल्या १७ ते २३ टक्क्यांच्या मालात एकही तडकू नये.

दाबून फोडण्याची ताकद बघायची असेल तर जवळच्या पॉलिटेक्निकमध्ये युटीएम (दाब-ताण देऊन ताकद मोजणारं यंत्र) असतं, त्यांना विनंती करा. दोन पोलादी पट्ट्यांमध्ये एक गोळा ठेवून तो फुटेपर्यंत दाब द्यायचा, असे २५ गोळे. सर्टिफिकेटवर सरासरी लिहिलेली असते. मी सरासरीकडे पाहत नाही, सगळ्यात कमी आलेले तीन आकडे पाहतो. बेडमध्ये सगळ्यात कमजोर गोळाच आधी फुटतो, आणि त्याचे तुकडे शेजारच्यांच्या फटी बुजवतात.

मापांबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण चूक तिथेच जास्त होते. तीन संत्री एकमेकांना टेकवून ठेवा. मधे जी तिकोनी फट राहते त्यातून हरभऱ्याचा दाणा खाली जातो, बोर अडकतं. भूमितीने हिशेब केला तर मोठ्या गोळ्याच्या व्यासाच्या ०.१५५ पट किंवा त्याहून लहान दाणा त्या फटीतून निसटतो. म्हणजे २५ मिलिमीटरच्या गोळ्यांमधून ३.८ मिलिमीटरचा दाणा गळेल. तुमचा सीव्ह ३ मिलिमीटरच्या आसपासचा आहे, तो २५ वर थेट ओतला तर सगळा खाली. प्रत्यक्षात गोळे इतके सुबक टेकून बसत नाहीत, भिंतीजवळ फटी मोठ्या राहतात, बेड हलतो. म्हणून नियम साधा ठेवलेला आहे: खालचा गोळा वरच्याच्या साधारण दुप्पट, त्याहून जास्त नको. सीव्ह ३ मिलिमीटर, त्याखाली ६, त्याखाली १३, आणि जाळीची भोकं मोठी असतील तर त्याखाली २५. प्रत्येक थर ७५ ते १५० मिलिमीटर. जाळीचं भोक तिच्यावर बसणाऱ्या गोळ्याच्या निम्म्याहून मोठं नको. पैसे वाचवायला मधला थर गाळणारे मी पाहिले आहेत. त्यांचा सीव्ह कंडेन्सरमध्ये सापडला.

आता लोडिंगचा दिवस. इथे जरा थांबून वाचा.

जुना माल काढायच्या आधी टाकी नायट्रोजनने धुऊन थंड करणार असाल, तर लक्षात ठेवा की नायट्रोजनला वास नाही, रंग नाही. सीव्हने धरलेलं अल्कोहोल आतमध्ये हळूहळू सुटत राहतं, आणि हवेत ३.३ टक्के अल्कोहोलची वाफ झाली की ती पेट घेऊ शकते. मॅनहोलमधून डोकं आत घालायच्या आधी ऑक्सिजन मोजा, ज्वलनशील वायू मोजा. हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. १९.५ च्या खाली असेल तर कोणीही आत जाणार नाही, साहेब उभे असले तरी. एकदा मोजून भागत नाही, सतत मोजत राहायचं, आणि बाहेर दोरी धरून एक माणूस फक्त त्याच कामाला. कंत्राटदाराची पोरं आपल्याच आजूबाजूच्या गावांतली असतात. धानाची कापणी संपली की कामाला येतात, त्यांना या टाक्यांची सवय नसते. आत कोणी कोसळला तर त्याला काढायला मागोमाग उडी मारायची नाही, हे त्यांना सकाळी काम सुरू करायच्या आधी, त्यांच्या भाषेत, समोर बसवून सांगा. एकामागोमाग दोन जीव असेच जातात. हे तुमचं काम आहे, सेफ्टी ऑफिसरवर सोडू नका.

भरण्याआधी टाकीच्या आतल्या भिंतीवर खडूने प्रत्येक थराची रेघ मारून घ्या. गोळे चाळणीवर चाळा. वाहतुकीत फुटलेले तुकडे आणि पीठ इथेच बाहेर निघतं. वरून बदाबदा ओतायचे नाहीत. कॅनव्हासची लांब बाही लावून तिचं तोंड थराच्या वर अर्ध्या मीटरच्या आत ठेवा आणि ती गोल फिरवत भरा. पहिल्या थराचे मोठे गोळे जाळीवर शक्यतो हाताने मांडा. प्रत्येक थर लाकडी फळीने सपाट करा, आत उभं राहणाऱ्याच्या पायाखाली फळी द्या, नाहीतर टाचेखाली लहान गोळे मोठ्यांमध्ये दाबले जातात आणि तुम्ही केलेली सगळी मापं तिथेच बिघडतात. थर सपाट झाला की फोटो काढा, तारीख दिसेल असा. पुढच्या वेळी टाकी उघडणाऱ्या माणसाला तोच फोटो उपयोगी पडतो.

मागवताना हिशेबापेक्षा १० टक्के जादा मागवा, प्रत्येक मापाचे. रात्री अडीच वाजता गोळे कमी पडल्यावर माणूस स्टोअरमध्ये जो ड्रम सापडेल तो उचलतो. मी ते पाहिलं आहे. आणि गोदामात दोन जातीचे गोळे ठेवायची वेळ आलीच, तर पोत्यांवर नुसतं 'ॲल्युमिना' लिहू नका. रंगाने मोठ्या अक्षरांत सिलिकेचा आकडा लिहा.

जुने गोळे परत वापरता येतील का, हेही तुमचे लोक विचारतीलच. तुमच्या सेवेत येतील. चाळा, फुटके वेगळे करा, पाण्याने धुवा, उन्हात नव्हे तर ओव्हनमध्ये किंवा गरम हवेने पूर्ण सुकवा, आणि प्रत्येक लॉटवर वरची पाण्याची आणि शाईची परीक्षा परत करा. सीव्हचं पीठ चिकटून बसलेले असतील आणि धुऊनही निघत नसेल तर टाकून द्या. जुन्या मालात ३ मिलिमीटरचे गोळे असतील तर ते परत वापरू नका, ते चाळण्यात सीव्हच्या तुकड्यांपासून वेगळे होत नाहीत. १३ आणि २५ चे खुशाल वापरा.

ग्रिडचं ड्रॉइंग मिळालं की टाकीचा व्यास आणि जाळीच्या भोकाचं माप मला कळवा. थरांचं वजन आणि मापं मी मांडून देतो. ऑर्डर त्यानंतरच टाका.